सीमाभागात सेवेला येताय? पहिल्या वर्षाची शिदोरी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात नव्याने नेमणूक झालेले सुवार्तिक, पाळक, सिस्टर, ब्रदर यांच्यासाठी हे टिपण आहे. वसईहून किंवा अहिल्यानगरहून येणाऱ्याला वाटतं, मराठीच तर मुलूख, अडचण कसली? केरळ-मिझोराममधून येणाऱ्याला वाटतं, कर्नाटक आहे, कन्नड शिकलं की झालं. महिनाभरात दोघंही गोंधळतात. एकाच गल्लीत एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे कोकणी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी उर्दू. नातीगोती कोल्हापूर-गोव्याकडे, कायदा आणि सरकारी कागद कर्नाटकाचे.

पहिलं वर्ष ऐकण्याचं समजा. इथं ज्यांचं बिनसतं त्यांचं बहुतेक वेळा घाईनं बिनसतं: तिसऱ्या आठवड्यात सभा, तिसऱ्या महिन्यात बाप्तिस्मा, सहाव्या महिन्यात पोलीस ठाणं.

१. कुठल्या पट्ट्यात जाताय ते आधी नीट समजून घ्या

‘बेळगाव जिल्हा’ एवढं नेमणूकपत्रात असेल तर गावाचं नाव विचारून घ्या. बोली, हंगाम, पोटापाण्याचा धंदा, सगळं तालुक्यागणिक बदलतं.

खानापूर म्हणजे भात, जंगल आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडे आठवडाभर सूर्य दिसत नाही. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव अशा गावांना पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडून जावं लागतं. तिथं वन खात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका आणि एकटं तर मुळीच नाही; अस्वलाचा धोका खरा आहे. लोंढा-खानापूर बाजूला कोकणी बोलणारी कॅथलिक घरं भेटतील.

निपाणी तंबाखूची. बिडी वळणाऱ्या बायका घरोघर. बोली जवळजवळ कोल्हापूरची. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड हा उसाचा आणि कृष्णेच्या पुराचा टापू. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोक अजून घराच्या भिंतीवरच्या खुणेनं दाखवतात. इथं कन्नड जास्त, पण आजारी माणूस घेऊन लोक मिरजेला जातात, कारण तिथं १८९४ पासून मिशनचं इस्पितळ आहे.

बेळगाव शहरात कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, वडगाव ही चार वेगळी जगं आहेत. शहापूर-वडगावला मागांचा खडखडाट असतो. घरभेटीला माग बंद होण्याची वेळ विचारून जा, नाहीतर प्रार्थना ओरडून करावी लागेल.

२. येण्याआधी जमवायची कागदपत्रं

- नेमणूकपत्र: पाठवणाऱ्या धर्मप्रांताच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. मराठी किंवा इंग्रजीत असलं तरी कन्नड भाषांतर जोडा. हद्दीतल्या फौजदाराला इंग्रजी येतं, पण तुमचा कागद पहिल्यांदा वाचतो तो हवालदार.
- संस्थेच्या ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदणीची प्रत.
- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे बारा फोटो.
- दीक्षा झालेली असेल तर दीक्षापत्राची साक्षांकित प्रत.
- गाडीची मूळ कागदपत्रं. परराज्यातली गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्याला आधीच्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो. तो निघतानाच काढा, मागाहून त्यासाठी खेटे पडतात. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी.
- मुलं असतील तर शाळा सोडल्याचा दाखला.

परदेशी नागरिकाला मिशनरी व्हिसाच लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन उपदेश केला तर परत पाठवणी ठरलेली. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत विदेशी नागरिक नोंदणी करा, आणि ज्याच्या घरी उतरलात त्याने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे म्हणून मोकळीक नाही; मिशनरी कामासाठी त्यांनाही मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे वेगळी परवानगी लागते. ओळखीतले परदेशी पाहुणे ‘दोन शब्द बोलतील’ म्हणून उभे करणं ही नेहमीची चूक आहे. ते बसू देत, गाऊ देत, उपदेश नको.

३. घर

११ महिन्यांचा भाडेकरार ई-स्टँपवर करा आणि करारात स्वच्छ लिहून घ्या की घरात कुटुंब-प्रार्थना होईल. घरमालकाला ‘नोकरी करतो’ सांगून खोली घ्यायची आणि महिन्यानं तिथं चाळीस चपला दिसू लागायच्या, यातून निम्मी भांडणं होतात. खरं सांगितल्यावर खोली मिळायला दोन महिने जास्त लागतील. लागू देत.

भाडेकरूची माहिती ठाण्यात देऊन पोच घ्या. शहराची ठाणी पोलीस आयुक्तांकडे, बाकी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. तुमचं गाव कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा.

दारावर पाटी लावायची तर कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे ६० टक्के जागा कन्नडला. ट्रस्ट आणि संस्थाही यात येतात. कन्नड वर, मराठी खाली, दोन्ही सुवाच्य. केवळ मराठी पाटी लावली तर एका बाजूचे लोक रागावतात, केवळ कन्नड लावली तर दुसऱ्या. सरकारी अर्जावर ‘बेळगावी’ लिहा, १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच अधिकृत नाव आहे. मराठी माणसाशी बोलताना ‘बेळगाव’ म्हणा.

सीमाप्रश्नावर मत विचारलं जाईल, चहाच्या टपरीवर हमखास. ‘मी सगळ्यांच्या घरी जातो, मला यातलं विचारू नका’ एवढं हसून म्हणा. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस. त्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका आणि एमएच पाटीची गाडी बाहेर काढू नका. तणावाच्या दिवसांत कागल-कोगनोळीच्या आसपास एसटी थांबते. महाराष्ट्रातून पाहुणा उपदेशक बोलावला असेल तर एक दिवस आधी आणा.

४. भाषा

पुस्तकी मराठी इथं समजते, पण परकी वाटते. ‘आपण काय करत आहात?’ ऐवजी ‘काय करालाय?’, ‘बसा ना’ ऐवजी ‘बसा की’. नक्कल करू नका; कानाला लागली की आपोआप येते. ‘बंधू-भगिनींनो’ प्रवचनात ठीक, दारात मात्र अण्णा, आक्का, मामा, मावशी, आज्जी. वयानं मोठ्याला ‘तू’ म्हणायची चूक शहरातून येणारे तरुण करतात. देवाला आपण ‘तू’ म्हणतो म्हणून आज्जीला म्हणायचं नसतं.

कन्नड नसेल येत तर पहिल्या महिन्यात एवढं तरी पाठ करा:

- नमस्कार री: नमस्कार
- हेंगदीरी?: कसे आहात?
- ऊटा आतेन्री?: जेवण झालं का? (विचारपूस आहे, आमंत्रण नव्हे)
- कुंदर्री: बसा
- साक्री: पुरे (ताटात वाढत असताना सर्वांत उपयोगी शब्द)
- ब्याड्री: नको
- बर्तेन्री: येतो

निघताना ‘होक्तेनी’, म्हणजे जातो, असं म्हणू नका. मराठीसारखंच कन्नडमध्येही येतो म्हणायची रीत आहे. आणि कन्नडमध्ये ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण. ‘आमच्या घरी फार तंगी आहे’ हे अर्ध्या कन्नड घरात सांगून बघा, लोक मुली मोजू लागतील.

मिश्र मंडळीत वचन वाचताना अध्याय-ओळ आधी दोन्ही भाषांत सांगा: ‘योहान तीन सोळा, योहान मूरु हदिनारु’, मग पानं उलटायला दहा सेकंद थांबा. कन्नड बायबलला लोक ‘सत्यवेद’ म्हणतात, पाळकाला ‘सभापालकरु’. दुभाषा घेतला तर वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा. लांबलचक वाक्याचा दुभाषा सारांश सांगतो आणि सारांशात तुमचा मुद्दा हमखास गळतो.

५. तुमच्या आधी इथं कोण होतं

इथं तुम्ही पहिले नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे आलं. धारवाडकडून बासेल मिशन १८३७ पासून. कोल्हापूरला अमेरिकन मिशन १८५२ मध्ये. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. दक्षिण भारतीय मंडळी (सीएसआय हे चर्च) १९४७ ची, उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) १९७० ची, आणि सीमेमुळं दोघींच्या हद्दी याच भागात एकमेकींना भिडतात. म्हणजे पाच-सहा पिढ्यांची ख्रिस्ती घरं इथं आहेत. त्यांच्या आज्जीला ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गाणी पानांचे क्रमांक न बघता येतात.

पहिल्या महिन्यात जवळच्या प्रत्येक चर्चच्या पाळकांना किंवा फादरना भेटा. हातात काही नेऊ नका, काही मागू नका. एक वाक्य पुरे: ‘मी अमुक गावात राहायला आलोय, तुमची माणसं माझ्याकडे ओढणार नाही.’ आणि ते पाळा. दुसऱ्याच्या मंडळीतली रुसलेली कुटुंबं पहिल्या आठवड्यातच तुमच्याकडे येतील. खुर्ची द्या, चहा द्या, आणि परत त्यांच्या पाळकाकडे पाठवा. रुसून आलेलं कुटुंब वर्षभरानं तुमच्यावरही रुसणार असतं.

६. हंगाम बघून उपासनेची वेळ ठरवा

शहरातलं वेळापत्रक गावात चालत नाही. जुलैत खानापूर-बेळगाव पट्ट्यात रोप लावणी चालते. माणसं अंधार पडेपर्यंत चिखलात. त्या महिन्यात संध्याकाळची घरप्रार्थना वीस मिनिटांची ठेवा: एक गाणं, दहा ओळी वचन, प्रार्थना, घरी. उसाच्या पट्ट्यात साधारण नोव्हेंबर ते मार्च तोडणी चालते. टोळ्या पहाटे फडात जातात, त्यांना भेटायचं तर रात्री खोपटाकडे, आणि चुली पेटलेल्या असताना. रविवारी आठवडी बाजार असेल त्या गावात उपासना सकाळी साडेसातला उरकावी लागते.

निपाणीला बिडी वळणाऱ्या बाईला हात थांबवायला लावू नका. मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते. तुम्ही अर्धा तास डोळे मिटायला लावलंत तर तेवढे पैसे गेले. सूप मांडीवर असू दे, ती वळत ऐकते, वळत प्रार्थना करते.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. पेटीचे सूर दमटपणानं अडकतात, पट्ट्या फुगतात. पेटी जमिनीवर ठेवू नका, कापडात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवा आणि आत १५ वॅटचा पिवळा बल्ब दिवसातून दोन तास लावा. त्याच कपाटात बायबलं आणि नोंदवह्या ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला पानांत घातला की कसर लागत नाही. ढोलकीचं कातडं सैल पडतं, उपासनेआधी दूरवरून शेक द्यावा लागतो. जवळ धरलं तर फाटतं. एक बॅटरी, मेणबत्त्या, पंधरा दिवसांचं तांदूळ-डाळ-मीठ आणि सर्पदंशाच्या वेळी लागणारी १०८ ची खात्री, म्हणजे कुठल्या वळणावर फोनला रेंज येते हे चालत जाऊन पाहिलेलं.

७. घरभेट

न बोलावता जाऊ नका. बोलावलं तर जेवणाच्या वेळी पोचू नका. पोचलात तर जेवूनच यावं लागेल, आणि एका घरी भाकरी-झुणका खाल्ला हे दुसऱ्या घरी कळतं. घराच्या मोठ्या माणसाला आधी नमस्कार. बाई एकटी असेल तर पुरुष सेवकानं उंबऱ्याबाहेरूनच बोलून यायचं. बायकांच्या भेटीला बायकांनी जावं, दोघी-दोघींनी.

भेट चाळीस मिनिटांची पुरे. पहिल्या तीन भेटींत पिशवीतून बायबल काढू नका, त्यांनी विचारलं तर गोष्ट वेगळी. निघताना ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ विचारा आणि ‘नको’ म्हणाले तर खरंच करू नका; घरी जाऊन करा. देव्हाऱ्याविषयी एक शब्दही नाही, गमतीत नाही, दृष्टांतात नाही. कुणाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. आणि कलम बाजूला ठेवलं तरी, ज्याच्या घरी पाणी प्यायलात त्याच्या देवाची चेष्टा करून सुवार्ता पोचत नाही.

मुलांना आईबापाच्या लेखी संमतीशिवाय रविवारच्या शाळेत बसवू नका, गाडीवरून नेऊ नका. ‘दहा गरीब मुलं ठेवून शिकवतो’ हा विचार पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या डोक्यात येतो. काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणारी संस्था बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे नोंदलेली असावीच लागते. नसेल तर चालवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

८. बाप्तिस्मा आणि कर्नाटकाचा कायदा

हा भाग दोनदा वाचा. धर्मस्वातंत्र्य संरक्षणाचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्येच, डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात. आधी अध्यादेश, मग २०२२ चा कायदा. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळानं ठरवणं आणि विधिमंडळानं रद्द करणं यांत फरक आहे. ‘तो कायदा गेला की’ असं कुणी ठामपणे सांगितलं तरी बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी वकिलाकडून त्या दिवशीची स्थिती लेखी घ्या. कायद्यात आहे ते असं:

- बळजबरी, फसवणूक, अवाजवी दबाव, आमिष किंवा लग्नाचं वचन यांतून केलेलं धर्मांतर गुन्हा. शिक्षा ३ ते ५ वर्षं आणि २५,००० रुपये दंड. अल्पवयीन, स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर ३ ते १० वर्षं आणि ५०,०००.
- दोन किंवा अधिक माणसांचं धर्मांतर म्हणजे ‘सामूहिक’. नवरा-बायकोला एकाच दिवशी पाण्यात उतरवलंत तरी यात बसतं. त्यासाठी ३ ते १० वर्षं, एक लाख दंड.
- ज्याला धर्म बदलायचा त्यानं ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे नमुना एक भरायचा. जो विधी करणार त्यानं ३० दिवस आधी नमुना दोन. विधीनंतर ३० दिवसांत पुन्हा घोषणापत्र.
- तक्रार आईबाप, भाऊबहीण, नातेवाईक, अगदी सहकारीही करू शकतात. आमिष नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. गुन्हा अजामीनपात्र.

‘आमिष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे: भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं वचन, देवाच्या कोपाची भीतीसुद्धा. म्हणून मदत आणि उपासना यांची जागा, दिवस आणि माणसं वेगळी ठेवा. नाताळात साड्या-ब्लँकेटं वाटायची असतील तर ग्रामपंचायतीकडून गरजूंची यादी घ्या, पंचायतीच्या ओट्यावर, गावातल्या चार जणांसमोर वाटा, गाणं-प्रवचन काही नको.

कायद्यापलीकडेही एक गोष्ट बाप्तिस्म्याआधी सांगणं तुमचं कर्तव्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो दाखला चालत नाही. मुलाची शिष्यवृत्ती, पंचायतीची राखीव जागा, सगळ्यावर परिणाम होतो. ‘कागदावर हिंदूच राहा’ हा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा दुहेरी दाव्याला राज्यघटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. आणि ज्याला पहिलाच धडा खोटं बोलण्याचा दिला, त्याला पुढं काय शिकवणार? कुटुंबाला बसवून सगळं सांगा, महिनाभर वेळ द्या. बरेच जण थांबतात. थांबलेले उपासनेला येत राहतात, त्यांना येऊ द्या.

९. आजारी माणूस

प्रार्थनेला सर्वांत जास्त बोलावणं आजारासाठी येतं. तेल लावा, हात ठेवा, गुडघे टेका. गोळी बंद करायला कधीही सांगू नका. क्षयाचं औषध निदान सहा महिने चालतं, दोन महिन्यांत बरं वाटतं, आणि ‘प्रभूनं बरं केलं’ म्हणून डोस सोडला की औषधाला न जुमानणारा क्षय होतो. त्या घरात तुम्ही कॅलेंडरवर रोज खूण करायला लावलीत तर ती मोठी सेवा. साखर, रक्तदाब, फिट, एचआयव्ही यांनाही हेच.

‘अमुक तारखेला चंगाई सभा’ अशी फलकबाजी टाळा. कर्नाटकात अघोरी प्रथांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, शिवाय रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ चा केंद्राचा कायदा. अंगात येणाऱ्या बाईला मारणं, धूर देणं, उपाशी ठेवणं हे प्रार्थनेच्या नावानंही गुन्हाच.

सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायका भेटतील. देवदासी सोडणं १९८२ च्या कायद्यानं बंद झालं, पण त्या म्हाताऱ्या झालेल्या बायका आहेतच. त्यांना पेन्शनच्या अर्जात मदत हवी असते. जुनं आयुष्य त्यांच्याकडून ‘साक्ष’ म्हणून स्टेजवर वदवून घेऊ नका.

१०. लग्न आणि मयत

लग्न लावायची घाई नको. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ प्रमाणे बिशपांकडून दीक्षा झालेले किंवा सरकारी परवाना असलेलेच सेवक लग्न लावू शकतात. नुसत्या सुवार्तिकानं लावलेल्या लग्नाची नोंद अडकते, आणि ते कळतं बाईला वारसा मागायची वेळ आल्यावर. विधी साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, दोन साक्षीदारांसमोर.

मयतीची तयारी मात्र पहिल्याच महिन्यात करा. आपली पुरायची जागा कुठली, कुणाच्या ताब्यात, किल्ली कुणाकडे? खेड्यात ख्रिस्ती दफनभूमी नसतेच बहुधा. रात्री दोनला माणूस गेल्यावर जागेची चौकशी सुरू केली तर सकाळी गाव दोन तट पडतं. पंचायतीकडे आधीच लेखी अर्ज द्या आणि जवळच्या जुन्या चर्चशी बोलून त्यांच्या दफनभूमीत जागा मिळेल का ते ठरवून ठेवा. खड्डा सहा फूट. खानापूरकडे पावसात पाणी भरतं, म्हणून दोन पाट्या आणि बादली दोर आधीच जवळ हवा.

११. जत्रा, वर्गणी, प्रसाद

गावची महालक्ष्मी जत्रा काही वर्षांच्या अंतरानं भरते आणि भरली की अख्खं गाव रंगतं. जत्रेआधी काही गावांत ठरावीक वार पाळतात, त्या दिवशी शेतीची कामं बंद. तुमच्या परसातही कुदळ चालवू नका. पाळणं म्हणजे पूजा नव्हे, शेजार आहे.

वर्गणीवर चर्चागणिक मतं वेगळी आहेत, तुमच्या बिशपांना विचारा. चालणारी एक वाट अशी: पूजेच्या पावतीऐवजी पाण्याच्या टँकरचा किंवा दिवाबत्तीचा खर्च उचला आणि वर्गणी मागायला लोक दारात येण्याआधी स्वतः जाऊन सांगा. नकार द्यायला थांबलात तर भांडण, आधी गेलात तर मान.

प्रसाद समोर आला तर पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात जे लिहिलंय ते आदल्या दिवशी वाचून ठेवा. घ्या किंवा नका घेऊ, पण नाक मुरडू नका. दोन्ही हात जोडून ‘आमच्यात चालत नाही, मावशी’ म्हटलं की कुणी रागावत नाही. जेवणाला बोलावलं तर जा.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम चर्चलाही आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेत बाहेरचा भोंगा काढून ठेवा.

१२. पैसे आणि अहवाल

अर्पणाची पेटी दोघांनी उघडायची, मोजायची, वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. परदेशातल्या मित्रानं सेवेसाठी तुमच्या खाजगी खात्यात पैसे पाठवू नयेत. परकीय देणगी एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तीही दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँक शाखेतल्या खात्यातूनच येते.

पाठवणारी संस्था महिन्याला आकडा मागते: किती घरं, किती ‘निर्णय’ (म्हणजे ख्रिस्ताला मानायचं ठरवलेली माणसं). इथं बरेच सेवक अडकतात. आकडा फुगवला तर तो खोटा, शिवाय तोच अहवाल आणि फोटो पुढं फिरत फिरत पुरावा म्हणून ठाण्यात पोचतात. आकडा फुगवू नका, लोकांची नावं-फोटो मोबाइलवर टाकू नका, व्हॉट्सअॅप स्टेटसला बाप्तिस्म्याचा व्हिडिओ तर नकोच. अहवालात लिहा: ‘२२ घरभेटी, तीन आजारी, एक मयत.’ वरच्यांना पटत नसेल तर एकदा इथं येऊन पावसात चालायला सांगा.

१३. स्वतःचा देव, स्वतःचं मन

दिवसभर दुसऱ्यांसाठी प्रार्थना केली की स्वतःची झाली असं वाटतं. होत नाही. पहाटे पाचला देवळाचा काकडा आणि मशिदीची बांग दोन्ही सुरू होतात. उठायला घड्याळ लागत नाही. त्या वेळी एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, आपल्या आईच्या भाषेत. दिवसभर दुसऱ्यांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या भाषेत रडायची जागा हवी.

रविवार तुमचा विश्रांतीचा दिवस नसतो, सोमवार ठेवा. त्या दिवशी फोन दुपारपर्यंत बंद. महिन्यातून एकदा बेळगावला किंवा मिरजेला जाऊन ज्याच्यापुढं मन उघडता येईल अशा एका वडीलधाऱ्याला भेटा. तो तुमच्या संस्थेतला नसला तर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरकडे तीन-तीन दिवस वीज नसते, उपासनेला चार जण येतात, कपडे वाळत नाहीत, आणि देव आपल्याला विसरला असं वाटू लागतं. त्या महिन्यांत मोठे निर्णय घेऊ नका; बदलीचा अर्ज लिहावासा वाटला तर लिहा आणि गणपती झाल्यावर पाठवा.

विवाहित असाल तर बायकोचं ऐका. गावातलं वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे तिला नळावर आधी कळतं.

१४. जमाव दारात आला तर

उपासना चालू असताना पंधरा-वीस माणसं आली तर गाणं थांबवा, दार उघडा ठेवा, मुलं आणि बायका मागच्या दारानं आधी. एकट्यानंच बोलायचं, हळू, आणि ज्याच्याशी ओळख आहे त्याचं नाव घेऊन. वाद नको, वचन नको. ११२ ला फोन दुसऱ्यानं करायचा, आणि तो दुसरा कोण हे आधीच ठरलेलं असावं. चित्रण करायचंच तर एकानं, लांबून.

पोलीस घेऊन गेले तर कोऱ्या कागदावर सही नाही, कन्नड जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. नेमणूकपत्र, भाडेकरार, भाडेकरू माहितीची पोच आणि मदतवाटपाच्या पंचायतीच्या यादीची प्रत, हा सगळा संच एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असू दे. दुसरा संच त्या वडीलधाऱ्याकडे. वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण मोबाइल पहिला काढून घेतात. म्हणून तो घरातल्या दोघांना पाठ हवा.